दादाचे सहाशे बारा शब्द

माझा मोठा भाऊ तेहतीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात होता. खिळे तयार होताना तुम्ही कधी ऐकलं नसेल तर सांगतो, ऐकू नका. एका बाजूने तार आत जाते, दुसऱ्या बाजूने मिनिटाला तीनेकशे खिळे बाहेर पडतात, आणि अशी चाळीस यंत्रं एकाच शेडमध्ये ओळीने उभी असतात. तिथे माणसाच्या तोंडाचा काही उपयोग नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. तार संपली, तेल आण, मुकादम येतोय, मुकादम गाढव आहे, सुटल्यावर भेटू, सगळं हातांनी. दादाचे कान नोकरीच्या पंधराव्या वर्षीच गेले. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, कारण तोवर त्याचं बोलणं हातात उतरलं होतं. घरीही तो तसाच बोलायचा. वहिनी ती हातबोली शिकली, कारण न शिकून सांगते कुणाला. मीही थोडीफार शिकलो. त्या बोलीत माझं नाव म्हणजे नाकाखालून मनगट पुसणं. लहानपणी माझं नाक वाहायचं, आणि माझे केस पांढरे झाले तरी दादाने ते मला विसरू दिलं नाही.

निवृत्त झाल्यावर दादा घरात बसून वहिनीच्या डोक्यावर मिरे वाटायला लागला. भाजी अशी का चिरलीस, दार असं का लावलंस. वहिनीने त्याला काम लावून दिलं. माझ्याकडचा एक जुना कॅमेरा मागून नेला, खिडकीशी खुर्ची मांडली आणि रोज दुपारी दादाकडून कारखान्यातले शब्द करून घ्यायला सुरुवात केली. एक शब्द, पाच सेकंद. मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, तेव्हा ते सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर नीट लावून देणं माझ्याकडे आलं. वहिनी दादाला खूण करून विचारायची, तो समजावून सांगायचा, आणि त्यातून तिला जे कळेल ते नाव ती फाइलला द्यायची. 'पाणी', 'नंतर बघू', 'हे कुणी केलं', 'खोटं', 'तिसरी शिट्टी'. वर्षभरात सहाशे बारा शब्द झाले. मी तेव्हा मनातून हसलो होतो, की रिकामटेकड्या म्हातारा-म्हातारीचा छान खेळ आहे.

त्यानंतर अकरा महिन्यांनी दादाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं कळतं, फक्त बाहेर यायच्या वाटा बंद झाल्यात. कानाची वाट आधीच बंद होती. लिहिणं-वाचणं त्याला कधी जमलंच नव्हतं, सहीसुद्धा चित्र काढावं तशी काढायचा. उरला डावा हात. आणि हातबोलीतले शब्द दोन हातांचे. एक हात यंत्र असतो, दुसरा माणूस, असं दादाच कधीतरी म्हणाला होता. नुसत्या डाव्या हाताने त्याने काही करायला घेतलं की ते मध्येच अडायचं, आणि मग तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

दोन महिने असे गेले. एका दुपारी वहिनीने जरा विरंगुळा म्हणून त्या फाइली लावल्या. शेजारी दादाला बसवलं. स्वतः त्याची चादर बदलत होती आणि ती काही केल्या नीट बसत नव्हती. दादाने डाव्या हाताने माउस ओढला, पडद्यावरची छोटी छोटी चित्रं बराच वेळ न्याहाळली आणि एक उघडलं. पडद्यावर धडधाकट दादा दोन्ही हातांनी म्हणाला, मुकादम गाढव आहे. वहिनी चादर हातात धरून हसत सुटली, आणि हसता हसता खाली बसली ती रडायलाच लागली. त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर दादाचं तोंड झाला. मी चित्रं मोठी करून दिली, रोजचे शब्द वर आणून ठेवले. पाणी, कूस बदल, दिवा बंद, नको. 'नको' त्याला सगळ्यांत आधी लागायचा.

बोलता यायला लागलं म्हटल्यावर भांडणंही सुरू झाली. ह्या दोघांचं भांडण लग्नापासून कडाक्याचं, आणि आधी ते हातांनी चालायचं, त्यामुळे शेजाऱ्यांना पत्ता नसायचा. आता दादा क्लिक करून भांडायचा. एकदा तो फारच बोलला, तेव्हा वहिनीने सरळ सगळे शब्द सिलेक्ट केले आणि डिलीट केले. बस आता गप्प. पण दादाही काही कमी नव्हता. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यातून ते परत कसे काढायचे हे त्याने डाव्या हाताने एका दुपारीत शोधून काढलं, आणि सगळे शब्द परत आणून त्यातला पहिला 'गाढव' वापरला. वहिनी तणतणत माझ्या दुकानात आली. कायमचं कसं पुसतात ते दाखवा म्हणाली. मला मजा वाटली. मी तिला शिफ्टचं बटण दाबून डिलीट करायला शिकवलं, आणि वर शहाणपणाने म्हणालो, "बिनधास्त पूस. मी आणून देतो."

तेव्हा त्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती, फिरणारी. तिच्यावरचं पुसणं म्हणजे घराच्या दारावरची पाटी काढणं. पाटी गेली तरी माणसं आतच असतात, दुसरं कुणी राहायला येईपर्यंत. हरवलेलं शोधून काढणं हेच माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता, हे मी स्वतःच सांगतो. दीड वर्षात वहिनीने पाच वेळा सगळं पुसलं. दर वेळी दुपारी फोन यायचा, "भाऊजी, या जरा. तुमच्या भावाची जीभ कापलीये मी." मी प्रोग्रॅम असलेला पेनड्राइव्ह खिशात टाकून जायचो. तासाभरात शब्द एकेक करून पडद्यावर यायला लागायचे, दादा शेजारी बसून मोजल्यासारखा बघायचा, वहिनी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा आणून ठेवायची. तोवर दोघांचा राग गेलेला असायचा. खरं सांगायचं तर मी त्या फोनची वाट बघायचो. माझ्या घरात मला कुणी इतकं महत्त्व देत नाही.

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. दादाने शब्दावर क्लिक करावं, डिस्कने आतून खरखर करावी, आणि सात सेकंदांनी पडदा हलावा. तुम्ही बोलायला तोंड उघडलं आणि आवाज सात सेकंदांनी निघाला, असं दिवसभर करून बघा. तीन शब्दांचं वाक्य पुरं होईपर्यंत वहिनी स्वयंपाकघरात जाऊन परत आलेली असायची. दादा माउस टेबलावर आपटायचा. मला ते बघवेना. एका सकाळी मी नवी एसएसडी घेऊन गेलो, जुनी डिस्क काढली, सगळं नवीवर उतरवलं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिला आवाज नाही, वाट बघणं नाही. मी दादाच्या हातात माउस दिला. त्याने क्लिक केलं आणि शब्द तिथल्या तिथे हजर. दादाने माझ्याकडे बघितलं, मग लागोपाठ चाळीस-पन्नास शब्द नुसतेच उघडले, काही अर्थ नसलेले, कित्येक महिन्यांची तुंबलेली बडबड बाहेर पडावी तसे. शेवटी त्याने माझं नाव उघडलं, आणि त्यानंतर यंत्र बरोबर लागलं की करायची ती खूण. मी खाली वाकून वायरी आवरत बसलो.

आता जे सांगायचं आहे ते मला मुळीच सांगायचं नाही. एसएसडीवर पुसलेलं परत येत नाही. पाटी काढली की ती डिस्क मागच्या मागे घरही रिकामं करून ठेवते, पुढच्या वेळी कामाला वेळ लागू नये म्हणून. तिचा वेग त्यातच आहे. हे मी दुकानात रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो. नवी डिस्क घालताय ना, मग आणखी एक प्रत ठेवा, पुसलंत तर माझ्याकडे येऊ नका. वहिनीला मात्र सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. गिऱ्हाइकांकडे असतो तो डेटा. दादा-वहिनीकडे भांडण होतं, आणि भांडण माझ्या डोक्यात कामाच्या कप्प्यात नव्हतंच. प्रतही करणार होतो, पुढच्या फेरीत. पुढच्या फेरीला गप्पा झाल्या.

सातव्या महिन्यात वहिनीने चार दिवस बहिणीकडे जायचं ठरवलं. दोन वर्षांत ती एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. दादाकडे बघायला एक माणूस ठरवला होता, मीही येऊन-जाऊन असणार होतो. दादाला ते पटलं नाही. तिने चार बोटं दाखवली, त्याने 'खोटं' उघडलं. तिने पुन्हा चार दाखवली, त्याने पुन्हा 'खोटं'. पूर्वी दोन शब्दांमध्ये सात सेकंद असायचे आणि तेवढ्यात तिचा पारा जरा उतरायचा. आता तो मिनिटाला दहा-बारा वेळा तिला खोटी म्हणू शकत होता, आणि म्हणत होता. वहिनीने मला नंतर सांगितलं की तिने बॅग उघडली, कपडे परत कपाटात ठेवले, मग येऊन त्याच्या हातातला माउस काढून घेतला.

फोन नेहमीसारखाच आला. मी नेहमीसारखाच निघालो. वाटेत दोन ठिकाणी थांबलोसुद्धा, एकाचा प्रिंटर बघितला. दादा खुर्चीत गाल फुगवून बसला होता. वहिनीने चहाचं आधण ठेवलं. मी प्रोग्रॅम सुरू केला आणि नावं धडाधड यायला लागली, पाणी, नको, कूस बदल, नंतर बघू, सहाशे बाराच्या सहाशे बारा, जुन्या डिस्कला तास लागायचा ते तीन मिनिटांत. मी खूश झालो. मग पहिली फाइल उघडली. काही नाही. दुसरी उघडली. आकार बरोबर, तारीख बरोबर, आत नुसती शून्यं. तेव्हा मला आठवलं की ह्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे, आणि ते कुणी घातलंय. तरी मी एकेक फाइल उघडत राहिलो. दोनशे तरी उघडल्या असतील.

वहिनी चहा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे बघून कप हातातच धरून उभी राहिली. मी तिला सांगितलं.

"पण तुम्ही आणता ना," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं, सावकाश, गिऱ्हाइकाला सांगतो तसं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

मी हो म्हणालो. ती कप ठेवून आत गेली.

दादाला कोण सांगणार, आणि कशाने? तो पडद्यावरच्या कोऱ्या चौकटींकडे बघत थांबला होता. मला हातबोलीत 'गेलं' म्हणता येत नव्हतं, 'पुसलं' म्हणता येत नव्हतं. येत होतं ते एकच, 'तार संपली'. मी दोन्ही हातांनी ते केलं. दादाने मान डोलावली, आणि डाव्या हाताने मला दाराकडे जायची खूण केली. जा, घेऊन ये. खिळ्यांच्या कारखान्यात तार संपली म्हणजे नवं भेंडोळं आणायचं, एवढाच त्या खुणेचा अर्थ. मी तीच खूण पुन्हा केली. त्याने पुन्हा मला दार दाखवलं, जरा रागानेच.

मी खरंच गेलो. मला जुनी डिस्क आठवली होती. माझा नियम आहे, बदललेली डिस्क महिनाभर जपून ठेवायची, न जाणो गिऱ्हाइकाला काही लागलं तर. दादाची डिस्क मी महिनाभर ठेवली होती. मग दुकानाच्या दारावरच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमधली डिस्क गेली, आणि ही हळू का होईना चालत होती, हाताशी होती, मी तिथे लावून टाकली. रेकॉर्डर थांबत नाही. डिस्क भरली की पुन्हा सुरुवातीपासून वर लिहीत जातो, साधारण बारा दिवसांत एक फेरी. सहा महिने. तुम्ही हिशोब करा, माझ्याने झाला नाही. मी दुकान बंद करून तीन दिवस त्या डिस्कवर बसलो. मला जे जे येतं ते सगळं करून झालं. तिच्यातून माझं दार निघालं. माणसं येतायत, जातायत, पायरीवर कुत्रं झोपलंय, मी दारात उभा राहून जांभई देतोय. ह्यापेक्षा मोठी यंत्रणा असलेल्या एका ओळखीच्याला फोन केला. तो म्हणाला, अरे, हे तर तूच आम्हाला शिकवायचास. कॅमेऱ्याचं कार्डही मी वहिनीला मागे पुन्हा वापरायला दिलं होतं, त्यावर तिच्या भाचीचं लग्न होतं.

चौथ्या दिवशी गेलो तर वहिनीने खिडकीशी तीच खुर्ची मांडली होती आणि स्वतः बसली होती. मला कॅमेरा लावायला सांगितला. बहिणीकडे जायचं अर्थातच राहिलं. पाणी, नको, कूस बदल, एकेक शब्द ती स्वतःच्या हातांनी करत गेली. तिचे हात भराभर चालत होते, दादाचे जड आणि सावकाश चालायचे. पंधरा दिवसांत दोनशे चाळीस शब्द झाले. ह्या वेळी मी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. दादा आठ दिवस त्या फाइलींकडे फिरकला नाही. पडद्यावर बायकोचे हात यायचे आणि तो मान वळवायचा. नवव्या दिवशी तहान लागली असावी, त्याने 'पाणी' उघडलं. वहिनी इतक्या घाईने उठली की पाणी सांडलं.

दोनशे चाळीसवर गाडी अडली ती अडलीच. घरात वापरलेले शब्द वहिनीला येत होते. कारखान्यातले तिने फक्त कॅमेऱ्यामागून बघितले होते, एकदाच. शेडमधल्या शिव्या, यंत्रांची दुखणी, सोबत्यांची नावं, चेष्टा. नावांची यादी तेवढी माझ्या प्रोग्रॅमने सहीसलामत आणून दिली होती. 'तिसरी शिट्टी', 'बुटक्याचं तेल', 'आज नाही उद्या', 'पाठीमागे बघ'. वहिनी ती यादी हातात घेऊन बसायची. आम्हाला नावं माहीत होती, खुणा माहीत नव्हत्या. दादाला खुणा माहीत होत्या, आणि ती नावं त्याला कळतील असं आमच्याकडे काहीच नव्हतं. त्याला ऐकू येत नाही, वाचता येत नाही, आणि विचारायला लागणारे शब्द नेमके गेलेल्यांतले. त्याच्या सोबत्यांपैकी एकाचा ठावठिकाणा मी काढला. त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं की बाबा आता आम्हालाही ओळखत नाहीत.

वहिनी मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चहा देते, बसा म्हणते. दादाशीही भांडत नाही. तो नको म्हणाला की नको, हो म्हणाला की हो. ते घर इतकं गुण्यागोविंदाने चाललेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला तिथे अर्धा तास बसवत नाही.

काल दुपारी गेलो तेव्हा दादा जरा हुशारीत होता. त्याने माझी बाही ओढली. वहिनीलाही डोळ्यांनी जवळ बोलावलं. मग डावा हात वर केला, अंगठा आत दुमडला, हात कानाच्या उंचीवर नेऊन थोडा वळवला आणि तसाच धरून ठेवला. पुढचं काम उजव्या हाताचं होतं. उजवा हात मांडीवर पडला होता. दादा त्याच्याकडे बघत थांबला. मी वहिनीकडे बघितलं, तिने यादीकडे बघितलं. 'पाठीमागे बघ' असेल का, मी विचारलं. ती म्हणाली, नसावं, त्यात मान हलायची. मग मी दादाकडे बघून मान डोलावली, हो हो, कळलं. दादाने मला नीट बघून घेतलं. मला काही कळलेलं नाही हे त्याला कळलं.

त्याने डावा हात खाली घेतला, त्याच हाताने उजवा हात मनगटाशी धरला आणि वर उचलला. एखादी जड वस्तू फळीवर ठेवावी तसा तो त्याला जागेवर ठेवायला बघत होता. पण डावा हात त्याला धरण्यात गुंतला की खुणेचा पहिला भाग करायला हात उरत नव्हता. त्याने सोडलं, उजवा हात घसरून पडला. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी वहिनी पुढे झाली. तिने दादाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उचलून धरला, म्हणजे त्याचा डावा मोकळा राहील. दादाने लगेच डावा हात कानाशी नेला, अंगठा दुमडला आणि तिच्याकडे आशेने बघितलं.

वहिनीने तो हात थोडा वर नेला. थोडा पुढे नेला. बोटं मिटून बघितली, उघडून बघितली, छातीशी आणला, पुन्हा दूर नेला. दर वेळी ती दादाचा चेहरा बघत होती, आणि दादा मान हलवत होता, नाही, नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"कुठे धरू?" तिने मला विचारलं. "भाऊजी, सांगा ना, कुठे धरू?"